सायकलचा चिमटा बदलण्याआधी

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत मुख्य रस्ता सोडून आत वळलं की थोड्याच वेळात डांबर संपतं आणि जांभा लागतो. सड्यावरचा जांभा टणक आणि भोकाभोकांचा, त्यामुळे सायकल सतत थरथरत राहते. काजूच्या बागांतून उतरणाऱ्या वाटांवर गोट्यांएवढे सुटे खडे आणि त्यांच्यावर सुकी पानं. डिचोलीच्या खाणपट्ट्यात बारीक लाल धूळ, आणि पावसाळ्यात सगळीकडे शेवाळ. आमचं घर मांद्र्याला. रविवारी मिस्सा झाली की आम्ही चार-पाच जण सायकली घेऊन निघतो, त्यामुळे ही जमीन तळहातांना चांगलीच ओळखीची आहे.

आपल्या कॉलेजातही बऱ्याच जणांकडे पुढे 'शॉक' असलेली सायकल आहे. तिच्यावर खडबडीत वाटेने दोन-चार फेऱ्या झाल्या की प्रश्न येतोच: पुढचा फोर्क, म्हणजे दुकानात ज्याला चिमटा म्हणतात तो, बदलून चांगला टाकावा का? याची माहिती बहुतेक इंग्रजी व्हिडिओंत आणि तीही तांत्रिक शब्दांत मिळते. आपल्या अंकात ती मराठीत असावी म्हणून हा लेख. यात पैशाचा प्रश्न आहे, कारण हवेच्या बऱ्या फोर्कची किंमत कित्येकदा आपल्या अख्ख्या सायकलच्या किमतीजवळ जाते. आणि उतारावर पुढचं चाक घसरलं तर प्रश्न पैशापुरता राहत नाही.

चिमट्याचं काम काय?

पुष्कळांना वाटतं, शॉक आरामासाठी असतो. आराम मिळतो हे खरं, पण मुख्य काम वेगळं आहे: टायर जमिनीला टेकलेला ठेवणं. दगडावरून चाक उडालं, तर हवेत असताना ते ना वळवता येतं, ना त्याला ब्रेक लागतो. चाक लगेच खाली यावं आणि खालीच राहावं यासाठी फोर्कमध्ये दोन गोष्टी लागतात.

पहिली स्प्रिंग. ती दबते आणि परत उसळते. नुसती स्प्रिंग असेल तर सायकल चेंडूसारखी उड्या मारत राहील. म्हणून दुसरी गोष्ट, डॅम्पर. तो स्प्रिंगच्या उसळीला आवर घालतो. आपल्या कॉलेजच्या ऑफिसच्या दाराला वर जो क्लोजर बसवलेला असतो, तो आठवा. त्यातली स्प्रिंग दार ओढते आणि तेल ते आपटू देत नाही. त्याचा स्क्रू फिरवला की दार हळू किंवा जोरात लागतं. फोर्कमध्येही तेल लहान छिद्रांतून जातं, धक्क्याची शक्ती उष्णतेत बदलते आणि उसळी शांत होते. परत येण्याच्या वेगावरचा आवर म्हणजे रिबाउंड, दबण्याच्या वेगावरचा आवर म्हणजे कॉम्प्रेशन.

मोटारसायकलला ही सोय फार आधी मिळाली. बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ या गाडीला तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क दिला. सायकलला मात्र अर्धं शतक थांबावं लागलं, कारण सायकल पायांनी ओढायची असते आणि तिथे प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतात. १९८९ मध्ये अमेरिकेत पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा फोर्क आला. तो जेमतेम पाच सेंटिमीटर दबायचा. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड यांनी हाच फोर्क लावून जिंकली. त्यानंतर शॉक म्हणजे चैन, असं म्हणणं अवघड झालं.

साधा फोर्क आणि हवेचा फोर्क

आपल्या बहुतेक सायकलींना पोलादी स्प्रिंगचा फोर्क असतो. तो स्वस्त आणि दणकट, पण वजन अडीच किलोच्या आसपास. त्याची मोठी अडचण वेगळीच आहे. कारखान्यात एकच स्प्रिंग बसवतात. पन्नास किलोच्या मुलीला आणि नव्वद किलोच्या मुलाला तीच. त्यामुळे हलक्या माणसाला फोर्क दबतच नाही. वर एक फिरकी असते, तिच्यावर अधिक-उणेच्या खुणा. तिला प्रीलोड म्हणतात. ती फिरवून स्प्रिंग कडक होते असा समज आहे. प्रत्यक्षात स्प्रिंग तीच राहते, फक्त सुरुवातीलाच थोडी दाबून ठेवली जाते. शिवाय अनेक स्वस्त फोर्कमध्ये खरा डॅम्पर नसतो, तिथे घर्षणावरच भागवलेलं असतं.

हवेच्या फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जागी बंद नळीतली हवा असते. ही हवा खास शॉक पंपाने आपल्या वजनाप्रमाणे भरायची. नळीतली जागा लहान आणि दाब जास्त, म्हणून टायरचा पंप इथे चालत नाही. आपण सायकलवर नुसते बसलो की फोर्क जेवढा दबतो त्याला सॅग म्हणतात. एकूण दबण्याच्या सुमारे २० ते ३० टक्के सॅग ठेवतात. तो का हवा? चाक खड्ड्यात गेलं तर फोर्कला खालीही लांबता आलं पाहिजे. तसं झालं तरच टायर जमीन सोडत नाही. हवेचा फोर्क वजनालाही हलका, साधारण दोन किलो, शर्यतीचा तर दीड किलोच्या जवळ.

नवीन काय आलं आहे?

गेल्या काही वर्षांतले बदल तीन दिशांनी झाले आहेत.

पहिली दिशा घर्षण आणि थरथर कमी करण्याची. हवेच्या जुन्या फोर्कला पहिला धक्का दिला की तो आधी अडखळायचा. आता मुख्य हवेच्या विरुद्ध ढकलणारा उलट दाबाचा कप्पा मोठा ठेवतात, म्हणजे बारीक खड्यावरही फोर्क लगेच हलतो. २०२० मध्ये फॉक्सच्या ३८ या फोर्कला, आणि पुढे रॉकशॉक्सच्या फोर्कनाही, खालच्या नळ्यांत कोंडलेली हवा सोडायला बटणं आली. २०२२ मध्ये रॉकशॉक्सने आत रबराच्या लहान वाट्या बसवल्या. त्यांना बटरकप म्हणतात. त्या तळहातांपर्यंत पोचणारी बारीक थरथर शोषतात. जांभ्याच्या सड्यावर सायकल चालवणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरी दिशा डॅम्परची. चांगल्या फोर्कमध्ये हळू दबणं आणि झटक्यात दबणं यांना वेगवेगळा आवर घालता येतो. इथे हळू-झटपट हे सायकलच्या वेगाबद्दल नसून फोर्क दबण्याच्या वेगाबद्दल आहे. ब्रेक लावल्यावर पुढे झुकणं हे हळू दबणं; दगड लागणं हे झटक्यात दबणं. पहिलं रोखायचं आणि दुसरं होऊ द्यायचं, ही यातली युक्ती.

तिसरी दिशा इलेक्ट्रॉनिक. फॉक्सचा लाइव्ह व्हॉल्व्ह २०१८ मध्ये आणि रॉकशॉक्सचा फ्लाइट अटेंडंट २०२१ मध्ये आला. सेन्सर रस्ता आणि पेडल बघतात आणि फोर्क कधी सैल ठेवायचा, कधी घट्ट करायचा हे आपोआप ठरतं. शर्यतवाल्यांना त्याचा उपयोग आहे. आपल्यासाठी, खरं सांगायचं तर, सध्या वाचण्यापुरताच.

बदलायचं तर कोणत्या क्रमाने?

डिचोलीचा माझा एक वर्गमित्र वर्षभर शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे नव्या फोर्कवर घालायला निघाला होता. १५० मिलिमीटर दबणारा फोर्क त्याने ऑनलाइन बघूनही ठेवला होता. त्याच्या सायकलवर आम्ही आधी एक साधी चाचणी केली. फोर्कच्या चकचकीत नळीला प्लॅस्टिकची बारीक झिप टाय गुंडाळली, ती खाली सरकवली आणि मयेच्या बाजूचा एक उतार उतरलो. झिप टाय जिथे राहते तिथवर फोर्क दबला असं समजायचं. १०० मिलिमीटरच्या फोर्कची झिप टाय ३५ वर थांबली होती. बाकीचा फोर्क त्याने विकत घेतला होता, पण वापरलाच नव्हता.

मग टायर बघितले. हवा ५० पीएसआय होती. त्याचं वजन ५८ किलो, टायर रुंद. ३० पुरेशी होती. टायर हा सायकलचा पहिला शॉक, आणि तो फुकट आहे. डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं ते धक्के कमी करण्यासाठीच. त्यानंतर प्रीलोडची फिरकी पूर्ण सैल केली. शेवटी डिचोली बाजारातल्या मेकॅनिककडे जाऊन फोर्क उघडला. "किती वर्षांत उघडला नाही रे बाबू हा?" एवढंच ते म्हणाले. सीलच्या आत लाल चिखल घट्ट बसला होता. तो साफ केला, फोर्कसाठीचं ग्रीस लावलं, आणि त्याच उतारावर झिप टाय ६५ वर गेली.

मग फोर्क बदलण्याचा हिशेब मांडला, तेव्हा खरी गोष्ट कळली. नवा फोर्क घेताना पाच मापं जुळावी लागतात. चाकाचा आकार: २६, २७.५ की २९ इंच. हँडलकडे जाणारी नळी: वरपासून खालपर्यंत सरळ की खाली रुंद होत जाणारी, आज बहुतेक चांगले फोर्क रुंद नळीचे येतात आणि जुन्या सरळ फ्रेममध्ये ते बसत नाहीत. चाकाचा अ‍ॅक्सल: साध्या सायकलला ९ मिलिमीटरचा, नव्या फोर्कला बहुधा १५ मिलिमीटरचा आणि ११० रुंदीचा; म्हणजे फोर्कबरोबर पुढचं चाकही नवं. ब्रेकची बसण्याची जागा. आणि शेवटी, फोर्क किती दबतो ते.

हे शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं. फ्रेम १०० मिलिमीटरसाठी बनवली असेल तर १२० चा फोर्क सायकलचं तोंड वर उचलतो आणि हँडलचा कोन जवळपास एका अंशाने बदलतो. एवढं पुष्कळ फ्रेमना चालतं, पण कंपनीने दिलेली मर्यादा बघून घ्यावी. १५० चा लावला तर चढावर पुढचं चाक हलकं पडतं, वळण जड होतं आणि फ्रेमच्या पुढच्या सांध्यावर नको तेवढा ताण येतो. तो सांधा उतारावर तुटला तर काय होईल, ते लिहायची गरज नाही. मित्राची फ्रेम सरळ नळीची आणि ९ मिलिमीटर अ‍ॅक्सलची निघाली. त्याने तो १५० चा फोर्क सोडला. पैसे बँकेत आहेत, आणि आता तो हवेच्या फोर्कसह येणारी दुसरी सायकलच घ्यावी का, याचा विचार करतो आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी टायरची हवा. मग सफाई आणि सर्व्हिस: रॉकशॉक्ससारख्या कंपन्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस दर ५० तासांच्या वापरानंतर सांगतात, आणि आपल्या धुळीत, पावसात त्याच्या आधी केली तरी वाया जाणार नाही. रोज घरी आल्यावर नळ्या मऊ कापडाने पुसा. सीलवर पाण्याचा जोराचा फवारा किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. तिसरं, तुमच्या फोर्कसाठी मऊ किंवा कडक स्प्रिंग मिळते का ते विचारा. काही मॉडेलना मिळते. एवढं करूनही फोर्क पूर्ण दबून ठणकन आदळत असेल किंवा उसळीला आवर नसेल, तर हवेचा फोर्क घ्या, आणि त्यात रिबाउंडची फिरकी आहे ना हे बघा. ती जुळवायची सोपी रीत: सायकलवर बसून फुटपाथच्या कडेवरून खाली उतरा. फोर्क एकदा उसळून थांबला पाहिजे. दोन-तीनदा डोलला तर रिबाउंड थोडं हळू करा. उलट फार हळू ठेवलं तर ओळीने खडे लागताना फोर्कला परत वर यायला वेळ मिळत नाही आणि तो दबत दबत कडक होतो.

दोन गोष्टी राहिल्या. खाणींच्या आत आणि पाणी भरलेल्या जुन्या खड्ड्यांच्या काठाने सायकल नेऊ नका, फोर्क कितीही चांगला असला तरी. आणि कोणाला आपला फोर्क किती दबतो ते बघायचं असेल, तर मधल्या सुट्टीत सायकल स्टँडकडे या. माझ्या दप्तरात झिप टाय असतात.