मयताच्या नावचा सातबारा

हिंदू खातेदार मृत्युपत्र न करता वारला, की त्याची मालमत्ता त्याच क्षणी वारसांची होते. कागद मागाहून होतात. अनेक घरांत मात्र ते होतच नाहीत. जमीन नातवंडे कसतात आणि सातबाऱ्यावर आजोबा असतात. शिवरे, ता. भोर, हे पुणे-सातारा महामार्गालगतचे गाव. अशा गावांत जमिनीला भाव येईपर्यंत ही अडचण कोणाला जाणवत नाही.

मृत्युपत्र असेल तर वकिलाकडे गेल्यावर धास्ती पडते ती प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची. ती बरीचशी अनाठायी आहे. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील कलम 57 आणि 213 यांनुसार हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती आपल्याकडे मुंबई शहरापुरती होती. शिवऱ्यात केलेल्या, शिवऱ्याच्याच जमिनीच्या मृत्युपत्राला ती लागू नव्हती. त्यात मुंबईतली खोली आली की लागू होई. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने कलम 213 च वगळले. तरी दोन साक्षीदारांची सही आवश्यक आहेच, आणि वाद झाला तर मृत्युपत्र दिवाणी न्यायालयात शाबीत करावे लागते.

गावातले खरे काम वारस नोंदीचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 प्रमाणे मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे) द्यायची असते. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडायचे. चौकशी नमुना 6-क मध्ये होते, फेरफार नमुना 6 मध्ये धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर राबवलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच थकलेल्या नोंदींसाठी होती. तिची सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातून झाली.

फेरफाराने मालकी मात्र मिळत नाही. ती नोंद महसुलासाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. म्हणून थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, लागले तरी बाकीच्यांचा हिस्सा बुडत नाही. बहिणींचाही नाही, आणि गावोगावी मेख इथेच असते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सारखे वाटेकरी आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला 2005 च्या दुरुस्तीने जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी तो जात नाही, असा निर्वाळा 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिळाला. बहिणीला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. राखी-भाऊबीजेची ओवाळणी त्या जागी चालत नाही.

दिरंगाईने वारस वाढत जातात. बहीण वारली की तिच्या हिश्शात तिची मुले आणि पती येतात. ती निपुत्रिक असेल तर आईवडिलांकडून आलेली मिळकत तिच्या वडिलांच्या वारसांकडे परतते. मग एका गटासाठी पुणे, मुंबई, सुरत इथून सह्या गोळा कराव्या लागतात. रस्त्यासाठी जमीन संपादित झाली आणि मोबदल्याच्या वाट्यावरून वाद झाला, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3-एच प्रमाणे प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जाते.

बँकेतल्या ठेवींचा मार्ग वेगळा. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालक होत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर 2023 मध्ये ठरवले, तेही कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून उभ्या राहिलेल्या वादात. नामनिर्देशन नसेल तर ठेवी आणि रोख्यांसाठी दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. शिवाय 1827 च्या मुंबई रेग्युलेशन आठनुसार वारस दाखलाही मिळतो. कंपनी सरकारचा तो नियम अजून वापरात आहे.

दिवाळीला सगळी भावंडे गावी जमतात. ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून मयताचे नाव आहे, त्यांनी फराळ झाल्यावर वारसांची पूर्ण यादी, बहिणींसकट, लिहून काढावी आणि सुट्टी संपताच वर्दी द्यावी.