रेकॉर्ड धुण्याआधी लाख ओळखा

धारवाडजवळच्या कलघटगीच्या प्रसिद्ध रंगीत पाळण्यांना चकाकी देते ती लाख. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डमध्ये दगडाच्या भुकटीला धरून ठेवते तीही लाखच. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून जुनी रेकॉर्ड घेताना किमतीआधी ती कशाची आहे, हे पाहावे. हुबळी-धारवाडच्या संग्राहकाला तर हे टाळताच येत नाही: गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर या तिथल्याच गायकांची १९३०च्या दशकातली एचएमव्हीची ध्वनिमुद्रणे लाखेवर, तर पुढच्या लाँग-प्ले व्हायनिलच्या. जड, ताठ, पडताच फुटणारी ती लाखेची. हलकी, किंचित लवणारी ती व्हायनिलची. नुसत्या वेगावर विसंबू नये, थोड्या ७८ही व्हायनिलच्या निघाल्या होत्या.

बाजारात सगळ्याच रेकॉर्ड स्पिरिटने पुसतात, असे कोणी म्हणेल. व्हायनिलला पातळ केलेले स्पिरिट सहसा चालते, म्हणून तर हा गैरसमज टिकला आहे. लाखेला मात्र ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि खाचांच्या दिशेने फिरणारा मऊ ब्रश पुरे. पाण्यानेही लाख बिघडते, हा आक्षेप अर्धा खरा. भिजत ठेवू नये, लेबल कोरडे राखावे, लगेच टिपून सावलीत वाळवावी. धुऊनही खाचा करड्या दिसल्या तर तो मळ नव्हे, पोलादी सुयांनी झालेली झीज. ती कशानेही भरून येत नाही. विक्रेत्याने तेलाचा हात फिरवून आणलेल्या चकाकीने तर नाहीच.