प्रथिनांच्या शेजारचे पाणी

सजीव पेशीच्या वजनापैकी सुमारे ७० टक्के भाग पाण्याचा असतो. या पाण्यातच प्रथिनांचे रेणू वावरतात. मग प्रथिनाला अगदी खेटून असलेले पाणी आपल्या तांब्यातील पाण्यासारखेच वाहते असते, की बर्फासारखे थिजून बसलेले असते? या प्रश्नावर शास्त्रज्ञांत बराच काळ वाद होता. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा त्याची चाल ओळखायची कशी?

पाण्याच्या रेणूतील हायड्रोजनची अणुकेंद्रे म्हणजे चिमुकले चुंबकच होत. बाहेरून प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावले की ती भोवऱ्यासारखी डोलतात. १ टेस्ला क्षेत्रात हे डोलणे सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लक्ष वेळा होते. नेमक्या त्याच कंप्रतेच्या रेडिओ-लहरी सोडल्यास केंद्रे ऊर्जा शोषून घेतात. हेच अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी ते १९४६ साली स्वतंत्रपणे दाखविले. १९५२ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

लहरी थांबल्या की केंद्रे पूर्वस्थितीला येतात. त्यास लागणारा काळ तो शिथिलीकरण-काल. शुद्ध पाण्यात तो सुमारे ३ सेकंद असतो. केंद्राला परत आणते ते मुख्यतः शेजारच्या केंद्राचे सतत बदलणारे क्षेत्र. पण झोक्याला धक्का त्याच्या लयीत दिला तरच तो कामी येतो. मोकळ्या पाण्याचा रेणू सेकंदाच्या लक्ष-कोटीव्या भागाच्या दोन-तीन पट वेळातच कूस बदलतो. धक्के फारच जलद, म्हणून शिथिलीकरण मंद! रेणू जरा सुस्तावला की लय जुळू लागते आणि शिथिलीकरण वेगाने होते. हे गणित ब्लोमबर्गन, पर्सेल व पाउंड यांनी १९४८ साली मांडले.

प्रथिनयुक्त पाण्यात शिथिलीकरण खरोखरच जलद आढळते. १९६९ साली केनिग व शिलिंजर यांनी चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त करून ते मोजले. क्षेत्र वाढविताना शिथिलीकरणाचा वेग एका टप्प्यावर घसरतो, आणि त्या टप्प्यावरून गती कळते. ती निघाली प्रथिनाच्या स्वतःच्या गिरकीची! म्हणजे काही पाणी प्रथिनाबरोबर फिरत होते. पण किती? हायड्रोजनची प्रथिनाशी अदलाबदल होते, म्हणून हिशेब फसतो. यास्तव १९९० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये हाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-१७ या समस्थानिकाची साक्ष काढली. उत्तर मिळाले: प्रथिनाच्या पोटातील पोकळ्यांत अडकलेले मोजकेच रेणू! गाईच्या स्वादुपिंडातील एका लहान प्रथिनात असे रेणू अवघे चार आहेत. आणि तेही सरासरी सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी काळात बाहेर पडतात, त्यांची जागा दुसरे घेतात. पृष्ठभागावरील बहुतेक पाणी मोकळ्या पाण्याहून केवळ काही पटींनीच मंद असते.

तेव्हा प्रथिनाभोवती बर्फाचे कवच नाही. म्हणूनच औषधाचा रेणू तेथील पाणी बाजूला सारून प्रथिनाला भिडू शकतो. रुग्णालयातील एम.आर.आय. चित्रांत निरनिराळ्या ऊती वेगळ्या दिसतात, त्यामागेही बऱ्याच अंशी पाण्याच्या शिथिलीकरणातील हाच फरक असतो.