आधी खालचं बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये मिस्त्रींनी आमच्या पिकअपचा तुटलेला एक्सल माझ्या हातात ठेवला. तुटलेल्या टोकाकडचे दाते सरळ राहिले नव्हते. सुंभाला पीळ भरावा तसे तिरके वळले होते. तुटीच्या कडेवर दोन रंग होते. अर्धा भाग काळपट, तेलकट. अर्धा चांदीसारखा चकचकीत. मिस्त्रींनी काळ्या भागावरून अंगठा फिरवला. “ही चीर जुनी हाय, मालक. लई महिने आत वाढत हुती. हे पांढरं तेवढं परवाचं.”

परवा झालं होतं ते असं. राजापूरकडची आमची आंब्याची बाग उतारावर आणि रस्ता तिच्या डोक्यावर. त्यामुळे भरलेल्या पेट्या नेहमी चढावरूनच न्याव्या लागतात. शेवटचा टप्पा जांभ्याच्या कातळावर पसरलेल्या लाल मातीचा. मे महिन्यात वळवाची एक सर पडली की ती माती लोण्यासारखी होते. गाडी जीपच्या कुळातली, जुनी महिंद्रा, लांब चेसिसची, चारही चाकांना ताकद पोचवणारी. त्या वर्षी मी इंजिन नव्याने बांधून घेतलं होतं आणि 31 इंचाचे रुंद टायर चढवले होते. हाताशी होते ते सगळे पैसे या दोन गोष्टींत गेले. लोड भरला, गाडी चढाला लावली, मागून ‘खट्’ असा आवाज आला. इंजिन गुरगुरतंय, गाडी जागची हलत नाही. मी पायाचा ब्रेक दाबून हँडब्रेक ओढला आणि पाय काढला, तर गाडी मागे सरकायला लागली.

हँडब्रेक असूनही गाडी का सरकली, हे कळायला जीपची रचना पोटातून पाहावी लागते. या जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम चाकावर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, मागच्या तोंडावर, प्रॉपेलर शाफ्टच्या मुळाशी असतो. म्हणजे हँडब्रेक शाफ्टला धरतो, शाफ्ट डिफरन्शियलला आणि डिफरन्शियल दोन एक्सलमार्फत चाकांना. यातला एक एक्सल तुटला की डिफरन्शियलमधले छोटे गिअर मोकळे फिरतात आणि दुसऱ्या बाजूचं धड चाकही सुटल्यासारखं होतं. त्या दिवशी पायाचा ब्रेक होता म्हणून निभावलं. बागेतल्या गड्याने मागच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावले, आणि मग पुढची दोन चाकं जोडून, लो गिअरमध्ये, केवळ पुढच्या एक्सलच्या जोरावर गाडी वर आली.

ही यंत्रणा मुळात लढाईसाठी जन्मली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची नागरी आवृत्ती युद्ध संपताच अमेरिकेत बाजारात आली आणि चाळीसच्या दशकाच्या शेवटी महिंद्राने मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-3बी या मॉडेलची उंच बॉनेटची जीप आपल्याकडे इतकी वर्षं बनली की पोलीस, जंगलखातं, पाटबंधारे, तहसील कचेरी आणि लग्नाचं वऱ्हाड या सगळ्यांच्या आठवणीत तीच आहे. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने डिझेल इंजिन आलं. बॉनेटखालचं इंजिन असं बदलत गेलं, पण खालचा सांगाडा, म्हणजे ट्रान्सफर केस, दोन अखंड एक्सल आणि पाटे, हा मात्र बराच काळ त्याच घराण्याचा राहिला. त्यामुळे जुनी गाडी सुधारू पाहणाऱ्याला पन्नास-साठ वर्षांच्या वेगवेगळ्या मॉडेलांतले भाग एकमेकांत जुळवायची सोय मिळते. हीच सोय फसवतेही.

या ट्रान्सफर केसचं नाव स्पायसर 18. बिडाची जेमतेम कलिंगडाएवढी पेटी, पण तिच्यात तीन कामं आहेत: ताकद पुढे-मागे वाटणं, पुढची चाकं जोडणं-सोडणं आणि लो गिअर देणं. तिच्या मागच्या बाजूला एक झाकण असतं. ते काढून तिथून पट्टा चालवायचा, मळणीयंत्र किंवा करवत फिरवायची, अशी सोय मूळ रचनेतच होती. त्याच भोकातून पुढे अमेरिकेत ओव्हरड्राइव्ह बसवायची युक्ती निघाली. ओव्हरड्राइव्ह घातला की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे पाव हिश्शाने कमी होतात. एका बिनकामाच्या वाटणाऱ्या झाकणामागे केवढी शक्यता ठेवून दिली होती त्या माणसांनी! मला या पेटीबद्दल मनापासून आदर आहे.

आता थोडा हिशोब. तो केल्याशिवाय या कामात हात घालू नये असं माझं मत आहे. सीजे-3बीच्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिला गिअर साधारण 2.8 पट, ट्रान्सफर केसचा लो गिअर 2.46 पट आणि एक्सलमधली क्राउन-पिनियनची जोडी 43 दात आणि 8 दात, म्हणजे 5.38 पट. तिन्हींचा गुणाकार 37. इंजिनाने फ्लायव्हीलवर जो पीळ दिला त्याच्या 37 पट पीळ एक्सलपाशी पोचतो. इंजिनाची ताकद दीडपट केली, तर खाली ती दीडपट 37 ने गुणून जाते. आणि ती सोसायची कोणी? पन्नास वर्षं राबलेल्या एक्सलने.

टायरचंही तसंच. मूळ टायर 6.00-16, उंची सुमारे 28 इंच. मी घातले 31 इंचाचे. चाक मोठं झालं की गिअर आपोआप उंच होतो: 37 चा हिशोब 33 वर येतो, चढावर ओढ कमी होते, मग आपण क्लच जास्त तापवतो, ॲक्सिलरेटर जास्त दाबतो. रुंद टायर मातीत घट्ट धरतो म्हणून पूर्वी चाक घसरून जो झटका वाया जायचा, तो आता एक्सल पचवतो. मिस्त्रींनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं: “चाक घसरलं की एक्सल वाचतो, मालक. तुम्ही घसरणं बंद केलं.”

त्यांनी काम सुरू केलं ते अगदी खालून. इंजिनाकडे बघितलंही नाही. गाडी चार घोड्यांवर घेतली, गिअर न्यूट्रलला ठेवला आणि प्रॉपेलर शाफ्ट हाताने दोन्हीकडे हलवला. शाफ्टच्या सांध्यातल्या बोटाएवढ्या जाडीच्या क्रॉसमध्ये ‘टक टक’ आली. मग ट्रान्सफर केसचा योक धरून वर-खाली केला, तर तोही हलला. पेटी उतरवून उघडली तेव्हा मधला शाफ्ट ज्या भोकात बसतो ते भोक झिजून लांबट झालेलं दिसलं. वर्षानुवर्षं तेल गळत होतं ते तिथून. आम्ही दर महिन्याला तेल भरत होतो आणि गाडी जुनी आहे म्हणून सोडून देत होतो. ते भोक लेथवर वाढवून त्यात बुश ठोकला, नवी निडल बेअरिंग, नवे सील.

सगळ्यात मन लावून पाहिलं ते क्राउन-पिनियन बसवण्याचं काम. नवी जोडी घालताना पिनियन किती आत, क्राउन किती उजवीकडे-डावीकडे, हे कागदासारख्या पातळ शिमांनी ठरतं. मिस्त्रींनी दातांना पिवळा रंग लावला, क्राउन हाताने दाबत फिरवला आणि रंग कुठे पुसला गेला ते टॉर्च धरून पाहिलं. खूण दाताच्या टोकाशी पडली होती. उघडलं, एक शिम घातली, पुन्हा जोडलं. आता खूण मुळाशी. पुन्हा उघडलं. पाचव्या खेपेला ती दाताच्या मधोमध, बदामी आकाराची उमटली. मग डायल लावून दोन दातांमधली मोकळीक मोजली. या एक्सलला ती 0.13 ते 0.25 मिलिमीटरच्या आत असावी लागते. कमी राहिली तर जोडी तापते, जास्त राहिली तर प्रत्येक झटक्याला दातावर हातोडा बसतो. सकाळी दहाला हाती घेतलेलं काम दिवेलागणीला संपलं. अनेक गॅरेजांत हेच काम तासाभरात ‘अंदाजाने’ उरकतात आणि गाडी महिनाभरात हुंकारायला लागते.

इथे एक चूक फार होते म्हणून सांगतो. मागच्या जोडीच्या दातांचं प्रमाण बदललं की पुढचीही बदलावीच लागते, आणि त्याच प्रमाणाची. या गाड्यांत पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल यांच्यातल्या वेगाचा फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसतं. फोर बाय फोर लावलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. पुढे 43-8 आणि मागे 39-8 असलं तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात आणि कुठलं तरी हाड मोडून घेतात. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून चालवू नये त्याचं कारणही तेच, वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. रस्त्यावर पुढची चाकं एक्सलपासून मोकळी करणारे लॉकिंग हब आर्थर वॉर्न नावाच्या माणसाने 1948 पासून अमेरिकेत विकायला सुरुवात केली, ती जुन्या युद्धजीपांसाठीच. आमच्या हबमध्ये इतकी वाळू आणि कडक झालेलं ग्रीस निघालं की ते गेली कित्येक वर्षं जोडलेल्या अवस्थेतच अडकून बसले असावेत.

आता इंजिनबदलाबद्दल. जुन्या चेसिसवर नव्या पिढीचं कॉमन रेल डिझेल इंजिन बसवायचा मोह बहुतेकांना होतो. आधीच्या थार सीआरडीईच्या इंजिनाचा टॉर्क 247 न्यूटन मीटर होता. जुन्या दोन लिटरच्या डिझेलचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. अडॅप्टर प्लेट कापून ते बेल हाउसिंगला जोडता येतं, नाही असं नाही. पण जीपच्या कुळात मागच्या एक्सलचा गोळा मधोमध नसून एका बाजूला असतो, कारण ट्रान्सफर केस त्याच बाजूने ताकद देते. दुसऱ्या जातीचा गिअरबॉक्स आणि मधोमध तोंड असलेली केस घातली की प्रॉपेलर शाफ्ट तिरका पडतो, क्रॉसचे दोन कोन जुळत नाहीत, शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो-सोडतो आणि साठच्या पुढे सगळी गाडी थरथरते. म्हणजे इंजिनाबरोबर एक्सलही आला, एक्सलबरोबर ब्रेकही आले. आणि कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये कंपनीने दिलेल्या रचनेत फेरफार करण्यावर बंधन आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आधी, स्पॅनर नंतर. अपघात झाल्यावर विम्याच्या माणसासमोर ही नोंद नसेल, तर लाखो रुपयांच्या कामाची किंमत शून्य होते.

आम्ही काय केलं? इंजिन होतं तेच ठेवलं. रुंद टायर विकून मूळ मापाचे घेतले. क्राउन-पिनियनची नवी 43-8 जोडी, आणि पुढचीही तीच. मागचे दोन्ही एक्सल नवे. एकच तुटला म्हणून एकच बदलायचा, हे मिस्त्रींना मान्य नव्हतं, कारण दुसऱ्यानेही तेवढेच चढ पाहिले होते. त्यांनी तो साफ करून दाखवला तेव्हा त्याच्याही दात्यांना किंचित पीळ पडला होता. सगळे क्रॉस नवे, ट्रान्सफर केस बांधून, हबना नवं ग्रीस. डिफरन्शियलमध्ये जीएल-5 दर्जाचं तेल आणि गिअरबॉक्समध्ये जीएल-4. एकाच डब्यातलं तेल दोन्हीकडे ओतू नका, त्याने काही बॉक्सांतल्या पितळी रिंगा खराब होतात. इंजिनावर जेवढा खर्च झाला होता, त्याहून कमी पैशांत हे सगळं झालं.

परतीच्या वाटेवर अणुस्कुरा घाट उतरताना मी हँडब्रेक तीनदा ओढून पाहिला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

तुमच्याही अंगणात अशी एखादी जुनी फोर बाय फोर उभी असेल आणि तिला जोर द्यायचा विचार मनात असेल, तर आधी तिच्याखाली जा. चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी हलवून बघा. तो टकटकला, तर इंजिनासाठी ठेवलेले पैसे तिथेच घाला.