पुडीतल्या चार गोळ्या

गेल्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात बायकांना सांगितलं होतं, घरात असतील ती सगळी औषधं घेऊन या. माहुलच्या इमारतीतल्या एका मावशींनी रुमालाची गाठ सोडली. आत सात-आठ कागदी पुड्या. प्रत्येकीत चार सुट्या गोळ्या: एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी तोडलेली, एक अगदी बारीक. नाव कशावरच नाही. "रात्री दम लागला की एक घेते. मेडिकलवाला देतो, तीस रुपयाला."

डॉक्टरांनी कधी छाती तपासली का, विचारलं. दोन वर्षांत नाही.

ती बारीक गोळी स्टेरॉइडची असावी असा माझा संशय आहे. वॉर्डात इतकी वर्षं काढूनही मी खात्रीने सांगू शकत नाही, कारण पट्टीच नाही. स्टेरॉइड वाईट औषध नाही. दम्याचा जोराचा झटका आला तर ते जीव वाचवतं. घेतल्यावर काही तासांत छाती मोकळी होते, भूक लागते, म्हणून माणसाला वाटतं की डॉक्टरपेक्षा दुकानदारालाच जास्त कळतं. पण महिनोन्‌महिने घेतलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, अंगात दबलेला टीबी डोकं वर काढतो. आणि एकदम बंदही करता येत नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं, माणूस चक्कर येऊन पडतो. म्हणून मावशींना मी पुड्या फेकायला सांगितलं नाही. त्या पुड्यांसकट डॉक्टरकडे चला म्हटलं.

दुसरी भीती अँटिबायोटिकची. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी टीबीच्या जंतूंना मारते, पण एकटीने टीबी बरा करत नाही, नुसता थोडा दाबते. खोकला कमी होतो, बेडक्यात जंतू दिसत नाहीत, निदान लांबतं आणि तोवर घरातली पोरं त्याच खोलीत झोपत राहतात.

कायदा झोपलेला नाही, कागदावर तरी. शेड्यूल एच मधली औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. त्यातल्या औषधांसाठी डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. टीबीची औषधं आणि बरीच भारी अँटिबायोटिक त्यातच येतात. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते तेव्हा या नियमांची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तर औषध दुकानदार बंदवर गेले होते.

उलट बाजूनेही विचार चालू आहे. मे २०२२ मध्ये केंद्राने १६ औषधं चिठ्ठीशिवाय विकू देण्याचा मसुदा काढला. पॅरासिटामॉल, पोटसफाईचं औषध, जखमेवरचं औषध असली. तीही पाच दिवसांपुरतीच. त्याला माझी हरकत नाही. तापाच्या गोळीसाठी धुणीभांडी करणाऱ्या बाईने दिवसाचा खाडा का करावा? पण स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक त्या रांगेत बसवू नयेत. मात्र "चिठ्ठी आणा" म्हणणाऱ्या सरकारने चिठ्ठी देणारा डॉक्टरही, काम सुटल्यावर भेटेल असा, वस्तीत द्यायला हवा. तो नसेल तर नियमाचा भुर्दंड गरिबालाच. दुकानदाराला चोर ठरवून मला मोकळं होता येत नाही. रात्री अकराला दार उघडणारा तोच असतो.

आता माहुलपुरती एक गोष्ट. २०१३ साली केईएमच्या डॉक्टरांनी माहुल-आंबापाड्यात पाहणी केली. शंभरातल्या सदुसष्ट जणांना महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत होता. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेपासून आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं, त्यात ही पाहणी कामाला आली. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रकल्पग्रस्तांना माहुलला पाठवण्यावर बंदी घातली. तिथे आपला खोकला कागदावर आला म्हणून तो मोजला गेला. पुडीने दाबलेला दम कुठल्याच वहीत येत नाही. मावशींची दोन वर्षं अशीच गेली. केसपेपर असता तर किती वेळा, कोणत्या महिन्यात, कोणत्या वासाच्या रात्री दम लागला, हे सांगता आलं असतं.

म्हणून पट्टी मागा, सुटी गोळी घेऊ नका. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय हात लावू नका. बिल घ्या. पंप लिहून दिला तर घाबरू नका. त्याने "सवय" लागत नाही, अगदी थोडं औषध थेट फुप्फुसात जातं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात बेडका तपासा. टीबी निघाला तर गोळ्या फुकट मिळतात. केसपेपर रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

मावशींना घेऊन सोमवारी शताब्दीला जाणार आहे. ज्यांच्या घरी अशा पुड्या आहेत त्यांनी रविवारी विहारात येऊन नाव सांगावं, म्हणजे एकाच रिक्षात जाता येईल.