शालेय नाटकातील 'आजोबा' साकारताना

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली, की लोणी काळभोर असो वा पुण्यातील पेठा, रंगमंचावर ठरावीक 'आजोबा' अवतरतात : केसांना पावडर, कमरेत बाक, थरथरता आवाज. सभागृह हसते, मात्र पहिल्या रांगेतील खऱ्या आजोबांना ते हसू बोचू शकते.

वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट'मधील वृद्ध गणपतराव बेलवलकर १९७० मध्ये रंगमंचावर आले, तेव्हा डॉ. श्रीराम लागू अवघे ४३ वर्षांचे होते. रंगभूषा वय सुचवते. ते पटण्यासाठी निरीक्षण लागते.

वृद्ध माणसाची धडपड बहुधा अशक्तपणा लपवण्याची असते. खुर्चीतून उठताना तो आधी पुढे सरकतो, हात टेकतो आणि उभा राहिल्यावर क्षणभर थांबतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. ती त्या पायाबरोबरच पुढे पडावी. ऐकू कमी येत असल्यास बरा कान बोलणाऱ्याकडे वळवावा. आवाज थरथरवण्यापेक्षा वाक्यांमधील विराम वाढवावेत. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेच पाहिजेत.

तालमीपूर्वी मुलांनी घरातील आजी-आजोबांजवळ तासभर बसावे. शक्य झाल्यास त्यांनाच एखाद्या तालमीला बोलवावे; कोणती हालचाल खोटी वाटते, हे ते नेमके सांगतील.