आजार मुळांतून चालत येतो

अर्जेंटिनाच्या ईशान्य टोकाला मिसिओनेस नावाचा प्रांत आहे. माती लालभडक, पाऊस वर्षाला १,७०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. इथे आणि सीमेपलीकडे दक्षिण ब्राझील व पराग्वेमध्ये येर्बा माते पिकते. हे सदाहरित झाड. त्याची पानं आगीवर शेकून, वाळवून, भरडून तुंब्यात भरायची, वर गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने चोखत प्यायचं, असा तिकडचा रोजचा रिवाज.

अशा एखाद्या हिरव्यागार बागेत मधेच एक पिवळा डाग पडतो. एका झाडाची पानं फिकटतात, गळतात, झाड वाळतं. मग शेजारचं. उपटून पाहावं तर मुळं काळपट, सडलेली. साल हाताला सुटून येते. ही मूळकूज.

मला सगळ्यात जास्त मोह पडतो तो त्या डागाच्या आकाराचा. डाग गोल असेल, तर आजार मुळाला मूळ भिडून पसरत असण्याची शक्यता जास्त. उताराच्या दिशेने लांबट झाला असेल, तर संशय वाहत्या पाण्यावर. ओळीच्या दिशेनेच सरकत असेल, तर माती कुदळ, फाळ किंवा ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर गेली असावी. अर्थात आकार हा नुसता माग, पुरावा नव्हे. मुळं प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय गुन्हेगार ठरत नाही.

आणि गुन्हेगार एक नाहीच. रोझेलिनिया नावाची बुरशी घ्या. जंगलात ती मेलेली मुळं कुजवते, म्हणजे सफाईचंच काम करते. पण येर्बाच्या कित्येक बागा जंगल तोडून केलेल्या आहेत. वरचं झाड गेलं तरी बुंधे आणि जाड मुळं मातीत राहतात. बुरशी त्यांवर पोसते आणि तिथून तंतू पुढे सोडते. उघड्या मातीतून उपाशीपोटी तिला फार लांब जाता येत नाही; पण मागे शिदोरी पक्की असली की ती जिवंत मुळापर्यंत पोचते, सालीखाली पांढऱ्या पंख्यासारखी पसरते आणि त्या मुळातून पुढच्या झाडाकडे निघते. रानात येर्बाच्या शेजारी भलत्याच जातीची झाडं असत. बागेत मात्र शेजारी येर्बा, त्याच्या शेजारी पुन्हा येर्बा. बुरशीला वाट आपणच आखून दिली.

फ्युजेरियमची तऱ्हा वेगळी. ही मंडळी आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या ओळखीची. तुरीचा आणि हरभऱ्याचा मर रोग याच घराण्यातल्या बुरश्यांमुळे होतो. फ्युजेरियमचे जाड भिंतीचे बीजाणू यजमान झाड नसतानाही मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. जवळून मूळ गेलं आणि त्यातून शर्करा, अमिनो आम्लं झिरपली, की ते अंकुरतात.

पण अंकुरल्यावर नेमकं मुळाच्याच दिशेने कसं वळायचं? २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका शोधनिबंधात याचं चक्रावून टाकणारं उत्तर आहे. प्रयोग टोमॅटोच्या मुळांवर होता, येर्बाच्या नव्हे. मुळं पेरॉक्सिडेज नावाची विकरं बाहेर टाकतात आणि फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम त्यांचा वेध घेत वाढते. त्यासाठी ती वापरते ते ग्राहक-प्रथिन एरवी बुरश्यांमध्ये जोडीदाराची चाहूल घेण्याचं! या बुरशीचं लैंगिक पुनरुत्पादन आजवर कुणाला दिसलेलं नाही. जोडीदार शोधायचं यंत्र तिने अन्न शोधायला जुंपलं.

तिसरा गुन्हेगार, पिथियम, तर पोहतो. ओल्या मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातून त्याचे दोन शेपट्यांचे बीजाणू कोवळ्या मुळांकडे जातात. म्हणून रोपवाटिकेत जास्त पाणी म्हणजे त्यांना आमंत्रण. यंत्रांनी माती दाबली गेली, निचरा थांबला, की मोठ्या बागेतही मुळं गुदमरतात; गुदमरलेल्या मुळांतून शर्करा अधिक गळते, आणि मातीतल्या भुकेल्यांना पत्ता आयताच मिळतो.

लांबचा प्रवास मात्र बुरशी स्वतःच्या पायांनी करत नाही, माणसाच्या हातांनी करते. येर्बाचं बी अवघड. आतला गर्भ अपक्व असतो, म्हणून ते कित्येक महिने ओल्या वाळूत ठेवावं लागतं. वाळू किंवा पिशवीतली माती दूषित असली, तर निरोगी दिसणारं रोप आजार घेऊनच नव्या शेतात उतरतं. लावताना मुळं वाकली, गुंडाळली गेली, तर आजाराचं काम आणखी सोपं. पुढे तोडणीत झाडाची बहुतेक पानं काढली जातात. नवी फूट मुळांतल्या साठ्यावर येते. मुळंच पोखरलेली असली तर फूट येता येता खुंटते, आणि आत बराच काळ चाललेला आजार तेव्हा कुठे डोळ्यांना दिसतो.

मेलेल्या झाडाला औषध नाही. झाड मुळांसकट खणून काढायचं, जुन्या बुंध्यांचे अवशेष वेचायचे. रोझेलिनियासाठी आजारी भागाभोवती चरही खणतात. तो खणताना हात आखडतो, कारण चर सुकलेल्या झाडांना लागून नव्हे, तर त्यांच्या पुढच्या, अजून हिरव्या दिसणाऱ्या झाडांच्याही पलीकडे घ्यावा लागतो. आणि चरातून निघालेली माती टाकायची ती आतल्या बाजूला.